बगळ्याचं स्पष्टीकरण

३ तारीख, सोमवार

आमच्या खात्यात नवं चिन्ह काढायला घेतलं की कामाची वही उघडायची पद्धत आहे. कुठला रंग का घेतला, कुठली रेघ का खोडली, सगळं तारीखवार लिहायचं. ती वही आज उघडली. ही दुसरी. हिच्यात जे येईल ते साहेबांना दाखवायचं नाही.

काम असं आहे. बगळेवाले आणि किल्लीवाले या दोन पलटणींची मिळून आता एक पलटण होणार, आणि तिच्या दंडावर लावायचं चिन्ह मी काढायचं. कागदावर ‘पुनर्रचना’ लिहिलंय. खरं कारण म्हणजे बगळेवाल्यांत माणसंच फारशी उरली नाहीत. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि तिथेच घुटमळले. म्हणाले, “जमणार नसेल तर सांगा, बाई. घरी जे झालं त्यामुळे म्हणतोय.” मी म्हटलं, जमेल. बावीस वर्षं मी हेच करतेय, घोडे, तलवारी, झाडं, एकदा तर कासवसुद्धा. न जमायला काय झालं?

माझा धाकटा भाऊ बगळेवाल्यांत होता. नदी ओलांडताना गेला, आणखी छत्तीस जणांबरोबर. पाणी अचानक वाढलं असं पत्रात होतं. पाच महिने झाले. मला अजून काही वाटलेलं नाही, आणि ते वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

बगळेवाल्यांच्या चिन्हाची गोष्ट मात्र मी झोपेतही सांगेन. पलटण पहिल्यांदा नदीवर अडली. पलीकडे शत्रू, मध्ये पाणी, पूल नाही. सेनापतीला धुक्यात नदीच्या मध्यावर एक बगळा दिसला, एका पायावर उभा. तो म्हणाला, बगळ्याचे पाय ते केवढे! तो उभा आहे तिथं पाणी गुडघाभर. मग सगळी पलटण बगळ्याच्या रेषेत उतरली आणि छाती न भिजवता पार झाली. बाबा त्या पलटणीत कवायत शिकवायचे. तीस वर्षं दर नव्या तुकडीला त्यांनी ही गोष्ट सांगितली. घरी आम्हा दोघांना सांगितली. धाकटा ती एका पायावर उभा राहून ऐकायचा आणि शेवट यायच्या आत पडायचा.

५ तारीख, बुधवार

बगळ्याचे सहा कच्चे नमुने काढले. मान लांब केली की साप दिसतो, आखूड केली की बदक. दिवस बरा गेला.

संध्याकाळी बाबांना सांगितलं की हे काम माझ्याकडे आलंय. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, “बरं.” आणि पाण्याचा तांब्या भरायला उठले. तांब्या भरलेलाच होता.

त्यांच्या जुन्या कोटाच्या बाहीवरचं चिन्ह काढलेलं दिसलं. दोरे नीट उसवलेत, एक टाकासुद्धा फाटलेला नाही. विचारलं तर म्हणाले, कसर लागली होती. कसर इतकी टापटीप असते हे मला माहीत नव्हतं.

जिन्यातली पोरं हल्ली त्यांच्या मागे लागतात, आजोबा, बगळ्याची गोष्ट सांगा. बाबा म्हणतात, “मला नाही आठवत रे.” तीस वर्षांची गोष्ट आठवत नाही म्हणजे आता डॉक्टरांना दाखवायला हवं. घरात आम्ही दोघंच. त्यांचं डोकं गेलं तर मला ते रेटावं लागेल, आणि सध्या मला काहीही रेटायचं नाही.

शेजारीण म्हणाली, गेल्या महिन्यात तुम्ही ऑफिसात असताना कुणी जाडसर माणूस येऊन दोन तास बसून गेला. बाबा म्हणाले, मीटर बघणारा. दोन तास काय मीटर बघायचा असतो?

६ तारीख, गुरुवार

फायली सांभाळणाऱ्या काकूंनी आज नियमांचं पुस्तक माझ्यापुढे आपटलं. नवीन चिन्हाबरोबर एक पानी स्पष्टीकरण जोडायचं, त्यातल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ लिहायचा. एकदा सह्या झाल्या की ते पान बदलता येत नाही. पुढे शंभर वर्षांनी कुणी विचारलं तरी तेच खरं. हे मला माहीत आहे. पुढचं विसरले होते. जुन्या चिन्हातलं काही वगळायचं असेल तर त्या पलटणीतल्या सगळ्यात जुन्या, हिंडत्या-फिरत्या माणसाची सही लागते. त्याला काही सांगायचं असेल तर ते स्पष्टीकरणात शब्दशः उतरवायचं.

“सगळ्यात जुना कोण?” काकूंनी विचारलं आणि स्वतःच यादीवर बोट ठेवलं. पहिलं नाव पलटणीच्या न्हाव्याचं, आमच्या न्हावीकाकांचं. पण ते दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. दुसरं बाबांचं.

मी म्हटलं, वगळायचा प्रश्नच येत नाही. बगळा राहणार आहे.

११ तारीख, मंगळवार

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. बाबांनी ते असे घडाघडा म्हटले की डॉक्टरच मध्ये कुठेतरी चुकले. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. बाबा थेट दोनपर्यंत आले आणि म्हणाले, “पुढं उणे पाच. जायचं का?” डॉक्टर हसले. स्मरणशक्ती ठणठणीत आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा बरी, असं म्हणाले.

मग गोष्टच तेवढी कशी विसरले? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वय झालं की असं होतं. म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

१२ तारीख, बुधवार

समितीची पहिली बैठक. किल्लीवाल्यांचे मेजर आले होते. त्यांनी पाऊण तास किल्लीला दात तीन की चार यावर घेतला. त्यांच्या पलटणीने कुठल्याशा वेशीचा दरवाजा उघडला होता म्हणे, आणि त्या किल्लीला चार दात होते. साहेब मान डोलवत राहिले. बगळेवाल्यांकडून आला एक स्वयंपाकी. अधिकारी उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते इस्पितळात. जाडसर, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला.

साहेबांनी बगळ्याची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. म्हणाले, “हीच स्पष्टीकरणात घालू या. लोकांना गोष्ट लागते. बाई, तुमच्या अक्षरात फार शोभेल.” मी लिहून घेतलं.

तेव्हा स्वयंपाकी म्हणाला, “तो पक्षी नको, साहेब.”

सगळ्यांना वाटलं थट्टा करतोय. मेजर गमतीने म्हणाले, “अहो, बगळा नको म्हणायचा मान आमचा!” स्वयंपाकी हसला नाही. त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण साहेबांनी ते इतिवृत्तात घ्यायला मनाई केली.

“पाणी वाढलं नव्हतं. पाणी होतं तेवढंच होतं. पहाट होती, धुकं होतं. आम्ही भांडी घेऊन मागं होतो, काठावर. पुढं वाट काढायला छोटा मास्तर होता. मास्तरांचा पोरगा, म्हणून सगळे छोटा मास्तर म्हणायचे. त्यानं हात वर केला, म्हणाला, तो बघा, बगळा उभा आहे. अख्खी पलटण हसली, साहेब. आनंदानं. आपलाच बगळा, आपल्या दंडावरचा. कुणी काठी टाकून बघितली नाही. एकमेकांचे पट्टे धरून रांगेनं उतरले. बगळा उडाला तेव्हा दिसलं, तो बुडालेल्या ट्रकच्या टपावर उभा होता. टपाच्या आजूबाजूला दोन पुरुष खोल पाणी. पाठीवर ओझी, पट्टे धरलेले. एक गेला की मागचा गेला.”

मेजरांनी चार दातांचा कागद उलटा ठेवला.

“त्याची काय चूक?” स्वयंपाकी म्हणाला. “गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ होती. मी पुढं असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण हा पक्षी दंडावर लावून मी पुन्हा कुणाला जेवण वाढणार नाही. नवी पोरं येतील, तीही हीच गोष्ट शिकतील. आता तर सरकारी शिक्का मारून.”

छोटा मास्तर म्हणजे कोण हे साहेबांच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलं नाही. पेन्सिलीला टोक केलं. पाच वाजता घरी आले आणि रोजच्यासारखी जेवले. हे बाबांना कळता कामा नये.

१४ तारीख, शुक्रवार

दिवसभर किल्ली काढली. चार दात.

स्वयंपाक्याच्या बोलण्यातला ‘पट्टे धरलेले’ हा भाग डोक्यातून जात नाही. बाकी सगळं जातं. धाकट्याचा पट्टा कुणी धरला असेल? त्याच्या मागे कोण होता? हे विचारायला हवं होतं, असं काम करताना वाटलं. आणि मग विचारून काय करणार होते, असंही वाटलं.

१७ तारीख, सोमवार

काकूंना बगळेवाल्यांची मूळ फाइल काढायला सांगितली होती. आज सापडली. आत सगळं पिवळं, टाचण्या गंजलेल्या. गोष्ट तिथे कशी लिहिलीय, सेनापतीचं नाव काय, ते बघायचं होतं. म्हणजे निदान दोष कुठल्या तरी मेलेल्या सेनापतीच्या माथी मारता आला असता.

पान सातवर स्पष्टीकरण आहे. ‘बगळा. तासन्‌तास हालचाल न करता उभा राहतो. पहारा व संयम यांचे प्रतीक.’ खाली टीप: पलटणीची पहिली छावणी दलदलीच्या काठी होती, तिथे हे पक्षी पुष्कळ. बस्स. नदी नाही, धुकं नाही, सेनापती नाही. मी पान उलटं करूनही बघितलं.

काकूंना विचारलं, एखादं पान गळालं असेल का? त्या म्हणाल्या, “माझ्या फायलीतनं पान गळत नाही.” त्या रागावल्या ते बरोबरच होतं. पानांचे आकडे सलग होते.

२० तारीख, गुरुवार

अर्धा दिवस रजा टाकून न्हावीकाकांकडे गेले. मला बघून खूश झाले, सुनेला चहा टाकायला लावला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, बगळ्याची गोष्ट पहिल्यांदा कुणाकडून ऐकलीत?

ते खोखो हसले, ठसका लागेपर्यंत. “अगं, ती तुझ्या बापाची थाप! एका साली असे रंगरूट आले, पाणी बघितलं की पाय लटलट कापायचे. पोहायला एकालाही येत नव्हतं. ओढा ओलांडायचा होता, मोठी नदीसुद्धा नाही. काठावर नुसते उभे. तेवढ्यात तुझ्या बापाला बगळा दिसला आणि त्यानं पुडी सोडून दिली. काय सेनापती, काय धुकं, जणू हा स्वतः तिथं हजर होता. पोरं धडाधड उतरली की! मी काठावर उभा, हातात वस्तरा. मला डोळा मारला. म्हणाला, बोललास कुणाला तर बघ. पुढल्या वर्षी परत तीच. मग सगळी पलटणच ती सांगायला लागली, वरचे साहेबलोकसुद्धा. आम्ही दोघं हसायचो.”

मग म्हणाले, “बाबांना म्हणावं, ये एकदा. हल्ली फिरकतच नाही.”

त्यांनाही पाणी वाढल्याचंच माहीत आहे. मी चहा प्यायले आणि निघाले. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. पाय दुखत होते असं नाही. नुसतं बसावंसं वाटलं. वीसेक मिनिटांनी उठून घरी आले.

बाबा खिडकीत बसले होते. “कुठं गेली होतीस?” “ऑफिसात.”

२४ तारीख, सोमवार

ठरवलं. बगळा काढून टाकायचा. ठेवला तर गोष्ट राहणार, साहेब ती लिहायला लावणार, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी नदीवर कुठलातरी पोरगा हात वर करणार.

पण वगळायचा तर बाबांची सही. सहीच्या वेळी ते कारण विचारणार, आणि कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार: तुमची थाप होती, आणि धाकटा तिच्यावर विश्वास ठेवून गेला. हे मी त्यांना सांगणार नाही. ते मोडतील.

म्हणून एक युक्ती केली. लिहायलाही लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे. दोन कागद केले. एकावर किल्ली आणि बगळा, हा घरी दाखवायचा. दुसऱ्यावर नुसती किल्ली आणि खाली पाण्याची एक सरळ रेघ, हा खरा. स्पष्टीकरणात लिहिलं, ‘बगळा विलीनीकरणामुळे वगळला.’ सहीच्या दिवशी चष्मा घरी विसरायला लावायचा आणि बोट ठेवीन तिथे सही घ्यायची. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कागदात अफरातफर केलेली नाही. आज केली.

घरी पहिला कागद दाखवला. बाबांनी तो बराच वेळ धरला. म्हणाले, “मान चांगली जमलीय, ताई.” मग विचारलं, “ठेवणारच का?” मी म्हटलं, हो, ठेवणार, काळजी करू नका. त्यांनी कागद परत दिला आणि जेवायच्या आधीच अंथरुणावर पडले. मला वाटलं, समाधान झालं असावं.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी त्यांचा चष्मा माझ्या पर्समध्ये टाकला. ते म्हणाले, “चष्मा दे.” मी म्हटलं, सापडत नाही. ते म्हणाले, “तुझ्या पर्समध्ये आहे.” दिला.

बैठकीत स्वयंपाकी आधीच येऊन बसला होता. बाबांना बघताच उठून उभा राहिला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, शेजारची खुर्ची ओढली. ओळख करून द्यायची वेळच आली नाही. पलटणीतली माणसं अशीच असतात बहुधा.

मी खरा कागद पुढे केला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “इथं, बाबा.” त्यांनी माझं बोट बाजूला केलं. वरपासून वाचलं. बगळा नाही हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. उलट जरासे सैल झाल्यासारखे बसले. मग स्पष्टीकरण वाचलं आणि म्हणाले, “हे कारण खोटं आहे.”

साहेब म्हणाले, “भाषा जरा सरकारी असते, आजोबा.”

“भाषेचं नाही म्हणत. मला काही सांगायचं असेल तर ते शब्दशः उतरवायचं, असा तुमचा नियम आहे ना? तीस वर्षं कवायत शिकवलीय मी, नियम मला कळतात. ताई, लिही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना कळलं, बहुतेक. मेजरांनी शाईची बाटली माझ्याकडे सरकवली. मी पक्क्या शाईत, चिन्हांखाली लिहिते त्या ठळक अक्षरात लिहायला घेतलं. बाबा कवायतीचे हुकूम देतात तसे सावकाश, सुटे सुटे बोलत होते.

‘बगळा उभा असतो तिथे पाणी उथळ असते, ही गोष्ट या पलटणीच्या इतिहासात नाही. ती मी रचली. रंगरूट पाण्याला भीत होते म्हणून. नंतर ती खोटी आहे हे मी कुणालाच सांगितले नाही, कारण सगळ्यांना ती आवडत होती आणि मलाही. नदीवर सदतीस माणसे या गोष्टीमुळे गेली. पाणी वाढले नव्हते. माझा मुलगा पुढे होता. त्याने ती खरी मानली. त्याची चूक नाही.’

इथे ते थांबले. कुणाही साक्षीदाराला विचारते तसं मी विचारलं, “मुलाचं नाव घालायचं?”

“घाल.”

पाच महिन्यांत मी ते लिहिलं नव्हतं. अर्ज, भरपाईचे कागद, सगळीकडे बाबांनीच लिहिलं. चार अक्षरं. तिसऱ्या अक्षराला पेन अडखळलं आणि काना वाकडा गेला. साहेब हळूच म्हणाले, पान नवं घेऊ या, बाई. मी म्हटलं, नको, राहू दे. बाबांनी खाली हुद्द्यासकट सही केली. स्वयंपाक्याने साक्षीची केली.

बसमध्ये जागा मिळाली. मी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?” ते म्हणाले, “स्वयंपाकी घरी आला होता.” म्हणजे माझ्या कितीतरी आधी. मी काय काय लपवत होते, आणि कुणापासून!

दोन स्टॉप गेल्यावर बाबा म्हणाले, “गोष्ट चांगली जमली होती पण.”

“हो,” मी म्हटलं. “मलासुद्धा खरी वाटायची. मी पुढं असते तर मीही तिथंच पाय घातला असता.”

मला वाटलं, याने त्यांना बरं वाटेल. त्यांनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि उतरेपर्यंत सोडली नाही.